राबात घालायचे मोजे

९ मे

ही डायरी सिमेंटच्या कंपनीची हाय. मी मुरबाडला शेखरशेठच्या दुकानात टेम्पो चालवतो, तिथं गोणींच्या मागं पडली होती. शेठ बोल्ला, घेऊन जा जीवन, नायतर उंदीर खातील. शाळेत मी एक वही कधी पुरी भरली नाय. आता लिहितोय कारण घरात बोललं की भांडण होतं, आन् बाहेर बोललं तर कोन खरं मानत नाय. तो दोष माझाच. म्हशाच्या जत्रेत मी माईकवर पुकारलं होतं की आमच्या शेजारच्या चांगोकाकाचा बैल हरवलाय. चांगोकाका बैलाच्या गळ्यात हात टाकून उभा होता, तरी शोधायला पळाला.

बाबांचा पाय भाजलाय. परवा राब भाजला आमी. रोपाच्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेण पसरून पेटवलं. आता मिरगाला त्या राखेत बी टाकायचं. विझल्यावर बाबा राखेतनं फिरत होते, कुठं निखारा राह्यलाय काय बघायला. अनवाणी. राबात पायताण न्यायचं नाय हा त्यांचा कायदा, त्यांच्या बापाचा पन होता. बांधावर चप्पल काढायची, मगच आत.

वास आईला आला. चामडं जळल्यासारखा. बाबा बोलले, पाल्यात सरडा-बिरडा असंल. तो त्यांचा उजवा तळपाय होता. निखाऱ्यावर उभे होते आन् त्यांना पत्ताच नाय.

डॉक्टरनी टाचणी टोचून बघितली. बाबा डॉक्टरच्या तोंडाकडं बघत बसले, कधी टोचतोय म्हणून. डॉक्टर बोल्ले, साखरेनं पायाची जाणीव गेलीय. जखम वर चढली तर पाय काढावा लागंल. आन् आजपासनं एक पाऊल पन अनवाणी टाकायचं नाय, जखम बरी झाली तरी. बाबा बोलले, बरं. घरी आलो, बाबा पट्टी बांधलेल्या पायानं थेट राबाकडं गेले. चप्पल बांधावर.

११ मे

समजावून झालं, आई रडून झाली, राहीनं शहापूरहून फोनवर शिव्या देऊन झाल्या. राही माझी बहीण, शहापूरला दिलीय. माझ्याकडं एकच अक्कल हाय, ती वापरली. बाबा दुपारी झोपले तेव्हा त्यांच्या पायात चपला चढवल्या आन् सुतळीनं आवळून टाकल्या, उजव्याला पट्टीवरनंच जरा सैल. लय मजा वाटली बांधताना. म्हटलं उठून शिव्या देतील, मागं धावतील, तेवढीच चार पावलं चपलेतनं पडतील.

उठले, बघितलं, कोयता घेतला, सुतळी कापली, परत आडवे झाले. मला एक शिवी दिली नाय. हे बरं लक्षण नाय.

पट्टीतनं पिवळं येतंय.

१४ मे

शेठला कंपनीनं टूर दिलीय. व्हिएतनाम. सिमेंट जास्त खपवलं की देतात. दोघांची जागा हाय पन अनिताताई, म्हंजे शेठची बायको, विमानाला भिते. आन् माझा पासपोर्ट तयार हाय, दुबईला जायच्या नादात काढलेला, कोरा करकरीत. शेठ बोल्ला, तू चल, मला तिकडं बॅगा उचलायला आन् बोलायला कोनतरी पायजे.

मी नाय म्हटलं. बाबांचा पाय असा. तर बाबाच माझ्यावर उखडले. बोलले, आपल्यातलं कोन विमानात बसलंय आजवर. मी बोल्लो, तुमी चप्पल घालनार असाल तर जातो. बाबा बोलले, घालीन.

आन् घातली. उजव्या पट्टीवरनं पन घातली, माझ्यासमोर एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन दाखवलं. मी जिंकलो. एवढं सोपं होतं तर आधी कशाला छळलं या माणसानं?

२१ मे

उद्या विमान. बाबा झोपलेत. खराट्याची काडी घेऊन त्यांचा डावा पाय मापला, टाचेपासनं अंगठ्यापर्यंत, आन् काडी तिथं मोडली. उजव्याला पट्टी हाय, आन् तो सुजलाय, त्याचं माप धरून उपयोग नाय. तिकडं काय तरी आणीन पायात घालायला, मऊ, ज्याला बाबा नाय म्हणनार नाय. चपलेचं मी बघितलंय, थांब्यापर्यंत ठीक, पन राबाच्या बांधाला ती परत निघते. काल पन बांधावर होती.

आईला सांगितलं काडी कशासाठी हाय ते. ती काडीकडं बघत राह्यली. बोलली, कपडे आन. बाबांना गंजी आन, टॉवेल आन.

२२ मे

विमानात शेठला सांगितलं, समोरच्या खिशात ती कागदी पिशवी हाय ना, ती उरलेलं खाणं घरी न्यायला देतात. शेठनं तीत अनिताताईनं दिलेली शंकरपाळी भरली. हवाईसुंदरीनं ती दोन बोटांनी उचलली आन् तोंड वाकडं करून कचऱ्यात टाकली. शेठ अजून माझ्याशी नीट बोलत नाय.

गाव समुद्राकाठी हाय, दानांग. गरम आपल्यासारखंच. आमच्या बसमध्ये सगळे सिमेंटवाले आन् त्यांच्या बाया. टूरवाली मॅडम मिताली, कल्याणची, हातात झेंडी घेऊन पुढं चालते, आमी मागं.

घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा दिसले, छातीपर्यंत. आई बोलली, राहीकडं आलोय शहापूरला, चार दिस हवापालट. बाबांच्या मागं हिरवा पडदा होता. राहीच्या घरी पडदा पिवळा हाय, मीच खिळे ठोकून लावलेला. बदलला असंल. मी बोल्लो, पाय दाखवा. आई बोलली, गोधडी घेतलीय त्यांनी. मे महिन्यात गोधडी! मी बोल्लो, बाबा, घामोळं येईल. बाबा हसले, मंग फोन कट झाला.

२३ मे

आज मला सापडलं.

बस डोंगरावरच्या कसल्या पुलाकडं चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भातशेतं. एका जागी पाणी लावलेलं, चार-पाच बाया वाकून रोप लावत होत्या. मी आपला बघत होतो की आपल्याकडं आवणीला वाकतात तशाच वाकतात. तेवढ्यात एक बाई बांधावर चढली. तिच्या पायात पोटरीपर्यंत काळा मोजा. चिखल खाली निथळला आन् मोजा तसाच, पायाला चिकटलेला, वर नाडी बांधलेली. बूट नव्हता तो. जाड कापड, तळाला पातळ रबर. सगळ्या बायांच्या पायात तेच.

मी काचेला नाक लावून बसलो. बाबा कसले म्हणतील नाय! बूट नाय, चप्पल नाय, पायताणच नाय. मोजा हाय. कपडा हाय. अंगात सदरा घालून राबात जातोच की आपण, मंग पायात कपडा घातला तर काय बिघडलं? त्यांच्या बापाच्या कायद्यात पन हे बसतं. मला एवढा आनंद झाला की मी शेठच्या मांडीवर थापटी मारली. शेठ झोपेतनं उठला आन् बोल्ला, पोचलो?

मिताली मॅडमला बोल्लो, बस थांबवा, मला मोजे घ्यायचेत. ती बोलली, हॉटेलच्या खाली दुकान हाय ना. मी बोल्लो, शेतातले. सगळी बस हसली. एक बाई बोलली, आमी सिल्क घेनार, तू चिखलाचे मोजे घे.

फोन लागला नाय घरी. राहीचा पन बंद.

२४ मे

सकाळपासनं बाजार फिरतोय. शेठ फ्रिजला लावायचे मॅग्नेट घेतोय, मी मोजे शोधतोय. या दुकानदारांना फक्त आमच्यासाठी ठेवलेला माल कळतो. रेशमी शाली, कंदील, टोप्या, उंटाच्या चित्राचा टीशर्ट. व्हिएतनाममध्ये उंट कुठनं आला, बरं.

मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं तर एकीनं लोकरीचे मोजे काढले, दुसरीनं बाळाचे. तिसऱ्या दुकानात मी जमिनीवर उकिडवा बसून रोप लावायचं नाटक केलं, पाय उचलून दाखवला, चिखल दाखवला. दुकानदार खूश झाला आन् मला पाय चोळायच्या दुकानात घेऊन गेला.

चौकाचौकात विचारत फिरलो. दुपार झाली, पाय भाजत होते. मला पायाची जाणीव हाय म्हणून कळतंय तरी.

दुपारी आईचा फोन लागला. बोल्लो, आई, मोजे हायत इथं, राबात घालता येतील असे, पायताण नाय, बाबांना आवडतील. ती बोलली, एकच मिळला तरी चालल. मी बोल्लो, येडी झालीस काय गो, मोजा एक कोन विकतं? ती बोलली, नाय मिळला तर र्‍हावू दे. काटकसर पन किती करावी माणसानं.

मागं कोनतरी बाई मोठ्यानं ओरडत होती, धर्माचे नातेवाईक कोन, धर्माचे नातेवाईक. बाबांचं नाव घेऊन! मी विचारलं, कोन हाय गो? आई बोलली, रेशनच्या दुकानात आलोय. हितेशभावजींनी फोन घेतला आन् बोलले, जीवन, तू नीट राह्य, जेव नीट. राहीचा नवरा माझ्याशी कधी असा बोलत नाय. तो मला बघितलं की खिसे तपासतो, मी काय तरी काढून ठेवलं असंल म्हणून.

हे सगळे मिळून माझी गंमत करतायत. मला वाटतं तसंच हाय. हिरवा पडदा, रेशनचं दुकान, एक मोजा. मी परत गेलो की सगळे टाळ्या वाजवून हसनार. करू देत. माझ्या वाटणीचं हाय ते.



२५ मे

उद्या सकाळी परत निघायचं. आज शेवटची संधी होती. बस परत त्याच रस्त्यानं जानार होती, कुठल्या देवळाला.

शेतं दिसायला लागली तसा मी पोट धरून ओरडायला लागलो. असा विव्हळलो की पुढच्या बाईनं देवाचं नाव घेतलं. मिताली मॅडम बोलली, हॉटेलला नेऊ का. मी बोल्लो, हॉटेलपर्यंत तुमची बस कशी राहील त्याची गॅरंटी नाय. ड्रायव्हरला मराठी येत नाय पन त्याला तेवढं कळलं. बस थांबली.

उतरलो आन् पळालो. मागनं शेठ ओरडत होता, अरे झाडामागं जा, शेतात कुठं चाललास. बांधावर गेलो. आन् काय झालं माहीत नाय, बूट काढले. नवे होते, टूरसाठी घेतलेले. बांधावर ठेवले आन् चिखलात उतरलो. बाया बघतच राह्यल्या. एक म्हातारी माझ्या बुटांकडं बघून हसायला लागली, मंग सगळ्या. तिकडं असं कोन करत नसंल.

मी म्हातारीच्या पायाकडं हात दाखवला. तिला वाटलं पाया पडतोय. मी खाली वाकलो, तर ती मागं सरकली. बस हॉर्न मारत होती. मी चिखलात बसलो. चड्डी भिजली. माझा उजवा पाय वर केला, तळव्यावर बोट फिरवलं, आग दाखवली, फुंकर मारली. मंग मिशी दाखवली, म्हंजे बाप. मंग हात जोडले. मला वाटतं मी रडत पन होतो, कारण ती म्हातारी हसायची थांबली.

खिशातनं काडी काढून दिली. तिनं ती हातात घेतली, आपल्या पायाला लावली, मान हलवली. आखूड तिचा पाय. दुसरीला हाक मारली, तिच्या पायाला लावली, नाय. मंग लांब एक माणूस नांगराच्या यंत्रावर होता, त्याला ओरडून बोलावलं. तो आला, तिनं त्याला बांधावर बसवला, काडी लावली. बरोब्बर. म्हातारी त्याला काय तरी बोलली. तो माझ्याकडं बघत होता, मी येडा हाय की काय ते ठरवत. मंग त्यानं नाडी सोडली आन् दोन्ही मोजे ओढून काढले. आतनं पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, एक ओरखडा नाय.

मी माझे बूट त्याला दिले. तो नको नको करत होता. म्हातारीनं त्याच्या मांडीवर ठेवले.

बसमध्ये चढलो अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओले मोजे. शेठ खिडकीकडं तोंड करून बसला. मी बोल्लो, शेठ, चिडलात? तो बोल्ला, नाय रे. आन् संध्याकाळी त्यानं स्वतःच्या बॅगेतनं रेशमी नाइटी काढून जागा केली आन् माझे चिखलाचे मोजे त्यात ठेवले. अनिताताईच्या नाइटी माझ्या पिशवीत. मला कायच कळंना.

२७ मे

विमानतळावर हितेशभावजी घ्यायला आलेले. मी बोल्लो, तुमी कशाला, शेठबरोबर मुरबाडला गेलो असतो. बोलले, चल. गाडी कल्याणला वळली नाय, सरळ हायवेनं निघाली. भिवंडी गेल्यावर मी बोल्लो, भावजी, पुरे झाली गंमत. त्यांनी गाडी कडेला घेतली.

बाबांच्या उजव्या पायाचा पंजा काढला, घोट्यापासनं. तेवीस तारखेला. मी काचेला नाक लावून बसलो होतो त्या दिवशी.

२८ मे

काल लिहिता आलं नाय पुढं.

मी गेलो त्याच दिवशी बाबांना ताप चढला, पाय नडगीपर्यंत लाल. शहापूरच्या दवाखान्यात आणलं. सगळ्यांना माहीत होतं. आईला, राहीला, भावजींना. चांगोकाकाला पन. शेठला पन! अनिताताईनं त्याला दुसऱ्याच दिवशी सांगितलेलं. बाबांनी सगळ्यांना दम दिला होता, पोराला कळवलं तर मी पट्टी उपटून टाकीन. आन् मी हवाईसुंदरीची गंमत सांगत होतो फोनवर.

हिरवा पडदा खाटेच्या बाजूला लावलेला हाय. हवेनं हलतो. गोधडी नाय, पांढरी चादर हाय, आन् उजव्या बाजूला तिच्याखालचा पाय लवकर संपतो.

मी आत गेल्यावर बाबा बोलले, आलास? विमान कसं होतं? मी बोल्लो, बरं होतं. मी पिशवीतनं मोजे काढले, शेठनं विमानतळावर परत दिलेले. धुवून, वाळवून आणलेले, तरी वास होताच. आईनं डोळ्याला पदर लावला. मी एका दमात सगळं बोल्लो, हे पायताण नाय, कापड हाय, तिकडचे शेतकरी घालतात, राबात चालतं, कायद्यात बसतं. मी कशाला बोलत होतो ते मलाच कळत नव्हतं. एक पाय तर गेलेला. दुसऱ्या पायाचं पन डॉक्टर तेच बोल्लेत, जाणीव नाय, सांभाळला नाय तर तो पन.

बाबांनी एक मोजा हातात घेतला. उलटा केला, तळ बघितला, शिवण बघितली. मंग खाली ठेवला आन् भिंतीकडं तोंड केलं.

मी मोजे खाटेखाली फेकले. आईनं उचलले. बोलली, त्यांना वेळ दे. वेळ कुठं हाय? डाव्या पायाला विचारून ये.

३ जून

घरी आणलं. बाबा ओट्यावर खुर्चीत बसतात, गप्प. जेवत नाय. आईनं तांदळाची भाकरी केली, बाबांनी अर्धी मोडली आन् कुत्र्याला टाकली. त्यांनी कधी भाकरी कुत्र्याला टाकली नाय.

कुबड्या आणल्यात. हात लावत नाय. संडासला मी उचलून नेतो. एवढे हलके झालेत. काल नेताना मी बोल्लो, बाबा, तुमी आता मला घोडा करा, लहानपणी मी तुमाला केलेला. हसले नाय. माझी जुनी सगळी अक्कल संपली. नवी कुठनं आणू?

डाव्या पायाचा मोजा घालायला बघितलं. पाय मागं घेतला. नको, बोल्ले. दुसरा शब्द नाय.

मला राहून राहून वाटतं त्यांनी ठरवलंय. काय ठरवलंय ते लिहीत नाय.

५ जून

चांगोकाका येऊन गेला. बोल्ला, राबात बी कधी टाकता? मिरग तोंडावर आला, सगळ्यांनी बी काढून ठेवलं. चांगोकाका माझ्याकडं बघून बोल्ला, हा टाकनार? हा बी टाकंल तर रोपाऐवजी काय तरी भलतंच उगवंल. आई हसली, बऱ्याच दिवसांनी. बाबा राबाच्या दिशेनं बघत बसले, इथनं दिसत नाय तरी.

मी खरंच कधी बी टाकलं नाय. दर वर्षी मिरगाला मी टेम्पोवर असतो. बाबांनी सांगितलं पन नाय कधी, मी विचारलं पन नाय.

८ जून

आज टाकलं.

सकाळी मी आईला बोल्लो, भात काढ बियाण्याचं. बाबांना ऐकू जाईल असं बोल्लो. मंग मी प्लास्टिकची खुर्ची बांधावर नेऊन ठेवली, परत आलो आन् बाबांना उचललं. त्यांनी विचारलं, कुठं? मी बोल्लो, चांगोकाका म्हणतो ते खोटं पाडायला. खांद्यावर हात टाकला त्यांनी. रस्ताभर तो घट्ट होता.

खुर्चीवर बसवलं. आई बी घेऊन आली. तिनं पिशवीत ते मोजे पन आणले होते. मी बोल्लो, ते कशाला आणलेस गो, नको. मला बाबांना दुखवायचं नव्हतं. आज तरी नाय. मी चपला काढल्या, बांधावर ठेवल्या, राबाच्या पाया पडलो आन् राखेत उतरलो. राख थंड होती, मऊ, आत कुठं अर्धवट जळलेल्या काटक्या टोचत होत्या.

मूठ भरली आन् फेकली. सगळं एका जागी पडलं. चांगोकाका त्याच्या राबातनं बघत होता, बोल्ला, कोंबड्यांना टाकतोस काय रे? परत फेकली. ते पन तसंच.

मागनं बाबा बोलले, जीवन.

मला वाटलं मूठ कशी धरायची ते सांगतील. वळलो. त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली होती, मोजे काढून मांडीवर ठेवले होते, दोन्ही.

"इकडं ये. पायात घाल."

मी बोल्लो, "बाबा, राबात?"

"घाल बोल्लो ना."

मला वाटलं माझी मस्करी करतायत. इतक्या दिवसांनी माणूस बोलतोय आन् तो पन टोमणा. चांगोकाका पन लांबनं ओरडला, धर्मादादा, राबात पायताण? बाबांनी त्याच्याकडं बघितलं पन नाय. माझ्या तोंडाकडं बघत राह्यले. हसायची काय खूण नव्हती.

मी बांधावर बसून मोजे घातले. मला तंग झाले, बोटं दुमडली. बाबा वाकून नाडी बांधायला लागले. गाठ बसंना, तरी मला बांधू देत नव्हते. एका पायाची बांधली, मंग दुसऱ्याची. मंग माझ्या पोटरीवर चापट मारली, बैलाला मारतात तशी. जा.

मी उतरलो. काटक्या टोचायच्या बंद झाल्या. मूठ ढिली ठेव, बाबा बोलले, बोटांच्या फटीतनं जाऊ दे. मनगट फिरव. तसं केल्यावर बी पसरलं. पहिल्या वाफ्यात दाट, दुसऱ्यात जरा बरं.

मी दर वाफ्याच्या टोकाला वळून बघत होतो, बी बरोबर पडतंय का ते त्यांच्या तोंडावरनं कळंल म्हणून. ते बियाकडं बघतच नव्हते. मी जिथं जिथं पाऊल टाकत होतो तिथं बघत होते, प्रत्येक पावलाला. मंग मी पन सावकाश टाकायला लागलो.

दुपारी आईनं भाकरी आणली, तिथंच बांधावर. बाबांनी एक खाल्ली आन् दुसरी मागितली.